सोयाबीनचं नंतर बघू, आधी त्या डागाची तपासणी करा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी गोरेगावला राहते. वय ५३. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने उशी भिजायची, म्हणून सोसायटीतल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सोयाच्या कॅप्सूल सुरू केल्या. डबीवर १५० मिलिग्रॅम लिहिलं आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक घेते. वर्ष होत आलं, थोडा फरक वाटतो. शिवाय दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन घालून दळून आणते आणि रोजच्या जेवणात जवसाची चटणी असते.

माझ्या मोठ्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी, ५४व्या वर्षी, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. टाटाला ऑपरेशन झालं, पिशवी आणि अंडाशयं काढली, नंतर शेक दिला. आता ती बरी आहे. माझ्या जाऊबाई म्हणतात, सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं, त्याने कॅन्सर होतो, ताईला तर ते अजिबात देऊ नकोस. माझी मुलगी एम.एस्सी. करते आहे. ती म्हणते, प्रयोगशाळेत सोयातल्या द्रव्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, मावशीला मुद्दाम द्यायला हवं. खरं कोणाचं? निरोगी अस्तरावर याचा काय परिणाम होतो आणि कॅन्सरच्या पेशींवर काय?

मला मध्यंतरी दोन दिवस किंचित डाग दिसला होता, पण गणपतीची धावपळ होती, उष्णता झाली असेल म्हणून सोडून दिलं. वजन ८० किलो आहे, शुगर बॉर्डरवर. वडील पन्नाशीच्या आतच आतड्याच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे आमच्याकडे कॅन्सरचं नाव काढलं तरी सगळे घाबरतात. नाव छापू नये ही विनंती.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. पाळी जाऊन अडीच वर्षं झाल्यावर दिसलेला डाग उष्णतेचा नसतो, धावपळीचा नसतो, आणि दोन दिवसांत थांबला म्हणून विषय संपतही नाही. पाळी बंद होऊन एक वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी गेलं तरी त्याची तपासणी व्हायलाच हवी. असा रक्तस्राव झालेल्या साधारण दहा जणींपैकी नऊ जणींत कारण साधं निघतं. कोरडेपणाने नाजूक झालेली त्वचा असते, नाहीतर एखादा पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेला साधा कोंब. पण एकीत कॅन्सर निघतो. आणि पाळी गेल्यानंतर अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ जणींना तपासणीच्या आधी असा रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे हा आजार आधी सांगून येतो. आपण ते ऐकलं, तर बहुतेक वेळा तो गर्भाशयापुरताच असताना सापडतो आणि ऑपरेशनने बरा होतो. तुमच्या ताई आज बऱ्या आहेत.

म्हणून सोयाबीनचं बोलण्याआधी एवढं करा. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. खासगीत जायचं नसेल तर गोरेगावहून कूपर हॉस्पिटल जवळ आहे. सकाळी लवकर पोहोचून केस पेपर काढा आणि ओपीडीत पहिलंच वाक्य असं बोला: ‘पाळी जाऊन अडीच वर्षं झाली आणि डाग दिसला.’ या एका वाक्याने पुढची चक्रं हलतात. आतून सोनोग्राफी होईल, तिच्यात अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर काळजी बरीच उतरते, जास्त असेल तर बायोप्सी लागते. तुमच्या बाबतीत, म्हणजे बहिणीला हा कॅन्सर, वजन जास्त, शुगर काठावर, आणि वर्षभर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं द्रव्य पोटात, एवढं सगळं असताना जाडी कमी आली तरी बायोप्सी करून घ्या असंच मी सांगेन. तिची भीती बाळगू नका. एक बारीक, लवचिक नळी आत घालून अस्तराचा कण ओढून घेतात. ओपीडीतच होतं, भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. पाळीत यायची तशी कळ येते आणि ओसरते. कण पुरेसा मिळाला नाही तर दुर्बिणीतून बघून घेतात.

कॅप्सूल आजच बंद करा. पण यात एक धोका असतो, आणि माझ्या ओपीडीत बायका त्यात सापडलेल्या मी बघते. गोळी बंद केली, डाग परत आला नाही, म्हणजे गोळीचाच होता, सुटलो! असं नसतं. अस्तरातला बिघाड, अगदी कॅन्सरसुद्धा, सुरुवातीला असाच थांबून थांबून डाग देतो. गोळीवर खापर फोडून तपासणी टाळू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जाऊबाईंनी ऐकलेलं हवेतलं नाही आणि मुलीने वाचलेलंही खोटं नाही. दोघींच्या हातात एकेक तुकडा आहे.

वनस्पतींमध्ये स्त्रीच्या इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं असतात, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते गर्भाशयामुळेच. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे कळपच्या कळप वांझ होऊ लागले. तिथे कुरणांत एका जातीचं क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक लावलं होतं आणि मेंढ्या दिवसभर तेच चरत होत्या. त्यांची गर्भाशयं तपासली तेव्हा अस्तर बिघडलेलं, ग्रंथी फुगलेल्या दिसल्या. पुढे उलगडलं की त्या चाऱ्यातलं द्रव्य मेंढीच्या पोटात बदलून इक्वॉल नावाचं इस्ट्रोजेनसारखं रसायन तयार होत होतं. सोयाबीनमधल्या डाइडझीनपासून माणसाच्या आतड्यातही हेच इक्वॉल तयार होतं, मात्र सगळ्यांच्या नाही. त्यासाठी आतड्यात ठरावीक जिवाणू असावे लागतात. जपानसारख्या देशांत निम्म्याच्या आसपास माणसांत ते असतात, पाश्चात्त्य देशांत पाव ते तीसेक टक्के लोकांत. तेव्हा एकाच डब्यातली कॅप्सूल तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणीला सारखीच लागू पडेल असं धरून चालता येत नाही. मैत्रिणीला काही झालं नाही, हा तुमच्यासाठी पुरावा नाही.

सोयाबीनमध्ये मुख्यतः जेनिस्टीन आणि डाइडझीन असतात, यांना आयसोफ्लेव्होन म्हणतात. जवसात लिग्नन असतात, त्यांचं रूपांतरही आतड्यातले जिवाणूच करतात. पेशीमध्ये इस्ट्रोजेनची जी ग्राहकं असतात, रिसेप्टर, त्यांवर ही द्रव्यं जाऊन बसतात. अंडाशयातल्या खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा त्यांची ताकद शेकडो पटींनी कमी असते. पण ‘ताकद कमी म्हणजे परिणाम नाही’ असं मात्र म्हणता येत नाही. गिरणगावाशी नातं असलेल्या घरात बदली कामगार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पक्के कामगार भरपूर हजर असताना एखाद्या साच्यावर, म्हणजे मागावर, नवखा बदली उभा केला तर त्या साच्याचं उत्पादन घटतं. पक्के कामगार आलेच नाहीत आणि साचे रिकामे आहेत, तर तोच बदली थोडंफार का होईना, कापड काढतो. वनस्पतीचं इस्ट्रोजेन तसं आहे. पाळी चालू असलेल्या बाईच्या शरीरात ते खऱ्या इस्ट्रोजेनची जागा अडवून जोर कमी करू शकतं. पाळी गेलेल्या, इस्ट्रोजेन उतरलेल्या बाईच्या शरीरात तेच थोडंसं इस्ट्रोजेनचं काम करतं. तुमच्या वाफा थोड्या कमी झाल्या असतील तर त्या यामुळे असू शकतात.

त्यात आणखी एक पदर आहे. १९९६ साली कळलं की इस्ट्रोजेनचं ग्राहक एक नसून दोन आहेत, अल्फा आणि बीटा. जेनिस्टीनचा ओढा बीटाकडे कितीतरी जास्त. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र वाढीचा हुकूम मुख्यतः अल्फाकडून सुटतो. सोयाचं अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या समाजांत अस्तराला इजा का दिसत नाही, याचं हे एक कारण. पण ओढा कमी आहे याचा अर्थ मात्रा वाढवत नेली तरी अल्फा शांतच बसेल, असा नाही.

निरोगी अस्तराची गंमत अशी की त्यातल्या ग्रंथींच्या पेशी स्वतःच्या मर्जीने वाढत नाहीत. इस्ट्रोजेनचा निरोप आधी त्यांच्याखालच्या आधारपेशींना मिळतो, त्या वाढीची द्रव्यं सोडतात आणि मग ग्रंथी वाढतात. पाळी चालू असते तेव्हा महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येऊन ही वाढ थांबवतं, नंतर अस्तर गळून पडतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, पण प्रोजेस्टेरॉन तर जवळजवळ नाहीसंच होतं. मग अस्तराला बाहेरून इस्ट्रोजेनचा निरोप येत राहिला तर थांबवणारं कोणी उरत नाही. ही गोष्ट वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जायचं. १९७५ साली एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि अशा बायकांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढल्याचं पुढे आलं. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेन द्यायचं तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध द्यायचंच, असा नियम झाला. १९९५च्या एका मोठ्या चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन रोज ०.६२५ मिलिग्रॅम घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश बायकांत तीन वर्षांच्या आत अस्तराची अशी वाढ झाली, जिला आपण गंभीर म्हणतो.

मग वनस्पतींच्या इस्ट्रोजेनने निरोगी अस्तराचं काय होतं? इटलीतली एक चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या बायकांना रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पाच वर्षं दिलं, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली, आणि मध्ये-मध्ये बायोप्सी केल्या. अडीच वर्षांपर्यंत दोन्ही गटांत काही फरक नव्हता. पाच वर्षांनी सोया घेणाऱ्यांपैकी ३.३७ टक्के बायकांत अस्तराची अवाजवी वाढ, म्हणजे हायपरप्लेसिया, दिसली. दुसऱ्या गटात एकीतही नाही. कॅन्सर कोणालाच झाला नाही आणि वाढ बहुतेक साध्या प्रकारची होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला. तिचं म्हणणंही याच धर्तीचं आहे: रोज १५० मिलिग्रॅमपर्यंत आणि तीस महिन्यांपर्यंत अस्तरावर परिणाम दिसत नाही, साठ महिन्यांनी मात्र कॅन्सर नसलेले काही बदल नोंदले गेले आहेत.

हे आकडे मी तुम्हाला घाबरवायला दिलेले नाहीत. खऱ्या इस्ट्रोजेनने तीन वर्षांत एक तृतीयांश आणि सोयाच्या गोळीने पाच वर्षांत तीनेक टक्के, हा फरक प्रचंड आहे. पण तीन टक्के म्हणजे शून्य नाही. आणि ही गोळी कोणी पाच वर्षं बायोप्सी करत करत घेत नाही. मैत्रिणीने सांगितली, केमिस्टने दिली, वर्षानुवर्षं चालू राहिली, असंच होतं. डबीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती एकदा वाचा. जे द्रव्य हार्मोनसारखं काम करतं म्हणून घ्यायचं, ते घेताना हार्मोनला लावतो तेवढी तरी शिस्त लावायला हवी, एवढंच माझं मागणं आहे.

डबी हातात आहेच, तर मागची बाजूही बघा. पुढे ठळक ‘१५० मिलिग्रॅम’ असतं, पण ते कशाचं? मागे ‘सोया अर्क १५० मिलिग्रॅम, ४० टक्के आयसोफ्लेव्होन’ असं असेल तर एका कॅप्सूलमध्ये आयसोफ्लेव्होन ६० मिलिग्रॅम, दिवसाला १२०. तिथे सरळ ‘आयसोफ्लेव्होन १५० मिलिग्रॅम’ असेल तर तुम्ही दिवसाला ३०० घेत होता, म्हणजे इटलीतल्या त्या बायकांच्या दुप्पट. डबी पर्समध्ये टाकून डॉक्टरांना दाखवा. सोबत शतावरी किंवा आणखी कसली ‘लेडीज’ पावडर, काढा चालू असेल तर तेही न लाजता सांगा. बायका हे ‘औषध थोडंच आहे’ म्हणून सांगतच नाहीत.

आता तुमच्या पोळ्यांचा हिशोब करू. दहा किलोला एक किलो या मापाने पाच पोळ्यांच्या पिठात सोयाबीन जेमतेम तेरा-चौदा ग्रॅम येतं. त्यातून आयसोफ्लेव्होन मिळतं पंधरा-वीस मिलिग्रॅमच्या आसपास. जपानमध्ये पारंपरिक जेवणातून रोज साधारण पंचवीस ते पन्नास मिलिग्रॅम पोटात जातं. तेव्हा गिरणीत दळणवाल्याला सांगून सोयाबीन बंद करायचं काही कारण नाही. जवसाची चमचा-दोन चमचे चटणीही खुशाल खा. सोयाबीन तेलाचीही अनेकींना धास्ती असते, पण त्यात आयसोफ्लेव्होन जवळपास नसतंच.

अन्न म्हणून सोया खाणाऱ्या बायकांचे मोठे अभ्यासही धीर देणारे आहेत. शांघायमध्ये अस्तराचा कॅन्सर झालेल्या आठशेहून जास्त बायकांची तेवढ्याच निरोगी बायकांशी तुलना केली, तो अभ्यास २००४ मध्ये आला. सोया जास्त खाणाऱ्यांत हा कॅन्सर कमी आढळला, आणि हा फायदा जाड बायकांत जास्त ठळक होता. हवाई आणि लॉस एंजेलिसमधल्या ४६ हजार बायकांच्या २०१२च्या अभ्यासात सर्वांत जास्त आयसोफ्लेव्होन खाणाऱ्यांत धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. जपानमधल्या एका अभ्यासात मात्र काहीच संबंध दिसला नाही. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. सोया खाणारी बाई आणखीही बरंच काही वेगळं खाते, वेगळं जगते. म्हणून ‘सोया कॅन्सर टाळतं’ असं मी म्हणणार नाही. पण ताटातल्या सोयाने अस्तराचा कॅन्सर होतो, या जाऊबाईंच्या भीतीला मात्र यात कुठेच आधार सापडत नाही.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. तिने वाचलं ते बहुधा इशिकावा पेशींबद्दल असेल. जपानमध्ये १९८०च्या दशकात अस्तराच्या कॅन्सरच्या एका गाठीतून या पेशी वाढवल्या आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वापरतात. त्यांच्यात इस्ट्रोजेनची ग्राहकं शाबूत आहेत. एखाद्या द्रव्यात इस्ट्रोजेनचा गुण आहे का, हे बघायला याच पेशी घेतात. गुण असेल तर त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढतं. जेनिस्टीन घातलं की ते वाढतं. म्हणजे या पेशी त्याला इस्ट्रोजेन म्हणूनच ओळखतात. मात्रा खूप वाढवली की मग दुसरंच काहीतरी सुरू होतं, पेशींची वाढ मंदावते, त्या मरतात. तुमच्या मुलीने हाच भाग वाचला आहे. जेनिस्टीनच्या या मारक गुणाचा इस्ट्रोजेनशी संबंध नाही. १९८७ मध्ये कळलं की जास्त मात्रेत ते टायरोसिन कायनेज ही पेशीतली वाढीची कळ बंद पाडतं. ती कळ निरोगी पेशींनाही लागते, हे तिला सांगा.

आणि तिला एक प्रश्न विचारा: त्या प्रयोगात जेनिस्टीन किती मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं माप) होतं? मारक परिणामाला बहुधा दहाच्या पुढे, पन्नास, शंभर असे आकडे लागतात. भरपूर सोया खाल्लेल्या माणसाच्या रक्तात ते एक-दोन, फार तर थोडंसं जास्त सापडतं, आणि त्यातलं बहुतेक यकृताने दुसऱ्या रेणूला जोडून निष्क्रिय केलेलं असतं. मोकळं, काम करणारं जेनिस्टीन त्याचा छोटासा अंश. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणारी मात्रा खाऊन गाठता येत नाही. खाऊन किंवा गोळीने गाठता येते ती कमी मात्रा, आणि इस्ट्रोजेनसारखा गुण दिसतो तो याच कमी मात्रेत.

कॅन्सरची पेशी निरोगी पेशीसारखी आजूबाजूचं ऐकत नाही, हाही फरक लक्षात घ्यायला हवा. अस्तराच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त गाठींत पीटेन नावाचा जनुक बिघडलेला असतो. तो पेशीच्या वाढीचा ब्रेक. तो गेला की पेशी आधारपेशींच्या निरोपाची वाट बघत नाही, इस्ट्रोजेन मिळालं तर वाढते आणि नाही मिळालं तरी वाढू शकते. दुसऱ्या, जास्त आक्रमक प्रकारच्या गाठींना तर इस्ट्रोजेनशी फारसं घेणंदेणंच नसतं. त्यामुळे ‘सोयाचा कॅन्सरच्या पेशींवर काय परिणाम होतो’ याचं एका वाक्यात उत्तर नाही. पेशी कुठल्या प्रकारची, मात्रा किती, शरीरात खरं इस्ट्रोजेन किती, यावर ते ठरतं. औषध म्हणून अस्तराच्या कॅन्सरवर सोया कुठेही वापरत नाहीत.

शरीराच्या एका भागात चांगलं ठरणारं द्रव्य दुसऱ्या भागात उलटं वागू शकतं, याचं एक उदाहरण देते, कारण आपल्याकडे हे औषध घेणाऱ्या खूप जणी आहेत. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं आणि जीव वाचवतं. तेच गर्भाशयाच्या अस्तराला वाढीचा निरोप देतं, पाळी गेलेल्या बायकांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका दोन-तीन पटींनी वाढवतं. तरी ते द्यायचं, कारण फायदा फार मोठा आहे. पण डागावर डोळा ठेवून द्यायचं. ते घेणारी कोणी हे वाचत असेल तर गोळी मनाने बंद करू नका, डाग दिसला तर लगेच दाखवा.

तुमच्या ताईंना काय द्यायचं? त्यांचं गर्भाशय काढलं आहे, म्हणजे अस्तर उरलेलंच नाही. त्यांच्या बाबतीत काळजी असते ती कुठे एखादी चुकार पेशी राहिली असेल तर तिला खतपाणी मिळू नये याची. म्हणून आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या, अर्क, पावडरी त्यांनी घेऊ नयेत. घरचं जेवण त्यांनी घरच्यासारखंच जेवावं. तुमच्या पिठाच्या पोळ्या, कधी सोया वडीची भाजी, टोफू, जवस, तीळ, सगळं चालेल. मुद्दाम वाढवायचं नाही आणि घाबरून वेगळं ताटही मांडायचं नाही. कॅन्सरमधून उठलेल्या बाईला घरात रोज ‘हे नको, ते नको’ ऐकावं लागतं, तो त्रास कमी नसतो. त्या थायरॉइडची गोळी घेत असतील तर सोयाचं दूध वगैरे तिच्या जोडीला नको, तीन-चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

तुमच्या वाफांवर उपाय आहेत. हार्मोन नसलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी औषधं आहेत, गरज पडली तर प्रोजेस्टेरॉनसह हार्मोनही असतं. पण हे सगळं बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर ठरवायचं, आधी नाही. बायोप्सीत साधी वाढ निघाली तरी धीर सोडू नका. पेशींचं रूप बिघडलेलं नसेल तर वीस वर्षांत शंभरातल्या पाचांहूनही कमी जणींत तिचा कॅन्सर होतो, आणि गोळ्यांनी किंवा गर्भाशयात हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवून ती बहुधा पूर्ववत होते. रूप बिघडलेलं असेल तर ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो.

वजनाबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण बायका आधीच त्यावरून पुष्कळ बोलणी खातात. पण खरं सांगायलाच हवं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करत राहतं, रोज, वर्षानुवर्षं, आणि तेही खरंखुरं इस्ट्रोजेन. तुमच्या अस्तराच्या दृष्टीने पिठातल्या सोयाबीनपेक्षा हे फार मोठं आहे. शुगर काठावर आहे तोवरच आवरली तर दोन्ही आघाड्यांवर फायदा.

आणि तुमच्या वडिलांविषयी. पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर, आणि त्यांच्याच मुलीला ५४व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा. ही जोडी दिसली की आम्हाला लिंच सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. यात पेशीतल्या जनुकांच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मापासून अधू असते आणि हे दोन कॅन्सर एकाच घरात फिरत राहतात. आई किंवा वडिलांत हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात तो आहेच असं मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय नाही असंही म्हणता येणार नाही. असला तर कोलोनोस्कोपी ठरावीक अंतराने करून आतड्याचा कॅन्सर होण्याआधीच गाठी काढून टाकता येतात. वडिलांच्या वेळी ही सोय कोणाच्या हातात नव्हती, तुमच्या आहे.

यासाठी सुरुवात ताईंपासून करायची. त्यांची टाटाची फाईल काढा आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘एमएमआर’ तपासणीची, म्हणजे वर सांगितलेल्या दुरुस्तीच्या यंत्रणेच्या तपासणीची, नोंद आहे का बघा. नसेल तर पुढच्या फॉलोअपला परळला जाल तेव्हा डॉक्टरांना वडिलांचा आजार सांगून विचारा. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे जपून ठेवलेले असतात, त्यांवर ही तपासणी नंतरही करता येते, आणि आनुवंशिक कॅन्सरसाठी तिथे वेगळा विभाग आहे. ताईंमध्ये काही निघालं तर मग तुमचं आणि बाकी भावंडांचं रक्त तपासायचं. कूपरला जातानाही वडिलांचं हे आवर्जून सांगा. शक्य असेल तर मुलीला बरोबर न्या. रिपोर्टमधली भाषा तिला कळेल, आणि हा प्रश्न उद्या तिचाही असू शकतो.